सुमतीकाकूंचा गूळ

माझ्या सासूबाईंना मी अजून काकूच म्हणते. लग्नाआधी बारा वर्षं त्या आमच्या शेजारच्या खोलीतल्या सुमतीकाकू होत्या. सून झाले म्हणून एका दिवसात जीभ कशी वळणार? त्यांनाही ते चालतं. त्यांना बऱ्याच गोष्टी चालत नाहीत, पण त्यांची यादी द्यायला बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल.

टेंभी नाक्याच्या अलीकडे आमची दुमजली चाळ. काकूंचे यजमान लवकर गेले. मागे एकुलता एक मुलगा, गुरुदत्त. सत्तेचाळीस साली, सतरा वर्षांचा असताना, त्याला मधुमेह निघाला. हुतुतूच्या मैदानावरून घरी आला की हा मुलगा कळशीभर पाणी प्यायचा आणि तरी वाळत चाललेला. डॉक्टर कर्णिकांनी निदान केलं, इन्सुलिन सुरू केलं आणि म्हणाले, "गोड बंद."

एवढे दोनच शब्द. पण डॉक्टर सुमतीकाकूंना ओळखत नव्हते.

त्या संध्याकाळी काकूंनी घरातला साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि मोरावळ्याची बरणी उचलली आणि आमच्या घरात आणून ठेवली. तेव्हा साखर रेशनवर होती. पुढची पाच वर्षं काकूंच्या वाट्याची साखर आमच्याकडे आली आणि बदल्यात आमच्याकडून त्यांच्याकडे भाजी गेली. माझ्या धाकट्या भावाला शेजाऱ्याचा मधुमेह फार आवडायचा, आणि त्यासाठी त्याने आईचा मारही खाल्ला.

काकूंनी स्वतःही गोड सोडलं. लग्नात गेल्या तर जिलबी ताटात वाढू द्यायच्या नाहीत. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन डोळ्यांना लावायच्या आणि मला द्यायच्या. "पोराला मिळत नाही ते माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणायच्या. यावर कुणाची काही बोलायची प्राज्ञा नव्हती.

रोज सकाळी त्यांचं एक शास्त्र चालायचं. आधी पिचकारी आणि सुई उकळायची. सुई बोथट झाली की वस्तऱ्याच्या दगडावर घासून धार काढायची. इन्सुलिनची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे, ती काढायची. मग काचेच्या नळीत निळं औषध, त्यात गुरुदत्तच्या लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. साखर असेल तर रंग बदलायचा. थोडी असेल तर हिरवा, जास्त असेल तर पिवळा, फारच असेल तर विटकरी. निळा राहिला म्हणजे साखर नाही. निळा आला की काकू नळी खिडकीत धरून आम्हाला दाखवायच्या. मी दात घासत उभी असायची आणि मान डोलवायची. विटकरी आला तर त्या दिवशी गुरुदत्तने काल कुठे काय खाल्लं याची उलटतपासणी व्हायची. तो बिचारा काही खायचाच नाही. असा आज्ञाधारक मुलगा मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या आज्ञाधारकपणाचा मला तेव्हा रागच यायचा.

हुतुतूही काकूंनी बंद केलं. तेही त्याने ऐकलं.

एकावन्नच्या जूनमध्ये तो बाळकूमच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागला. टेंभी नाक्यापासून तासाभराची चाल, पुढे शेतं आणि खाडीकडे मिठागरं. पहिल्याच दिवशी काकू त्याच्याबरोबर गेल्या. एकवीस वर्षांच्या मास्तरला आई शाळेत पोचवायला आली, म्हणून पोरं खूप हसली म्हणे. काकूंनी हेडमास्तरांना सांगितलं, वर्गात उभं राहून पोरांना सांगितलं, वाटेतल्या चहावाल्या भिवाला, गिरणीवाल्याला आणि शाळेमागे राहणाऱ्या आवडाबाईलाही सांगितलं, "ह्याला गोड म्हणजे विष. कितीही मागितलं तरी कणभर द्यायचं नाही. माझी शपथ आहे." अख्ख्या बाळकूमने ती शपथ पाळली.

बावन्न सालची संक्रांत आली. संक्रांतीला सकाळची अर्धी शाळा असायची आणि पोरं मास्तरांना तिळगूळ द्यायची. साठ-सत्तर पोरांचे साठ-सत्तर लाडू. काकूंना आदल्या दिवसापासून झोप नव्हती. पोरांचं मन मोडवणार नाही, निदान दोन-चार लाडू हा तोंडात टाकणारच, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने तोड काढली. सकाळचं इन्सुलिन चार खुणा जास्त भरलं आणि दोन भाकऱ्यांच्या जागी एकच वाढली. लाडू पोटात गेले तर त्यांचा बंदोबस्त आधीच केलेला बरा. गुरुदत्तने न विचारता हात पुढे केला, एक भाकरी खाल्ली आणि तासभर चालत बाळकूमला गेला.

आणि तिथे त्याने एकही लाडू खाल्ला नाही. आईची शपथ होती ना. प्रत्येक पोराकडून दोन्ही हातांनी तिळगूळ घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला.

दहाच्या सुमारास तो पोरांवर ओरडला. कधी आवाज न चढवणारा मास्तर फळ्यावर वाटेल ते आकडे लिहायला लागला आणि खडू फेकला. मग तो खुर्ची सोडून खाली बसला आणि आडवा झाला. पौषातल्या थंडीत त्याचा सदरा घामाने भिजला होता.

आवाज ऐकून आवडाबाई धावत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि घरी जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. तेव्हा तो अजून अर्धवट शुद्धीत होता, ओठ चाटत होता. पण हेडमास्तरांनी तिचा हात धरला. "अहो, त्यांच्या आईंनी बजावून सांगितलंय. विष आहे ते त्यांना!" वर्गातली पोरंही रडत रडत तेच ओरडायला लागली, "गोड नको, गोड नको!" सगळ्यांना त्याला वाचवायचंच होतं. दोन्ही खिसे तिळगुळाने फुगलेला तो मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बेशुद्ध झाला.

आवडाबाईचा मुलगा काळुराम मिठागरावर कामाला होता. त्याने मिठाची लॉरी अडवली, गुरुदत्तला पोत्यांवर निजवलं आणि थेट डॉक्टर कर्णिकांच्या दारात आणलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने गुरुदत्तने डोळे उघडले आणि विचारलं, "घंटा झाली का?"

निरोप मिळताच काकू आणि मी धावत पोचलो होतो. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला होता, म्हणजे त्यांनीच माझा धरला होता. नखं रुतली होती. डॉक्टरांनी गुरुदत्तचा कोट झटकला तसे लाडू जमिनीवर गडगडत गेले. त्यांनी एक उचलला, काकूंकडे पाहिलं आणि सकाळी काय काय दिलं ते विचारलं. काकूंनी खरं ते सांगितलं. खोटं बोलणं त्यांना चालत नाही.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "न खाल्लेल्या तिळगुळाचं इंजेक्शन दिलंत तुम्ही. ह्यातले दोन लाडू कुणी वेळेवर त्याच्या तोंडात घातले असते तर तो आपल्या पायांनी घरी आला असता."

मग ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. चूक त्यांचीही होती आणि ती त्यांनी कबूल केली, म्हणून मला ते आवडतात. इंजेक्शन घेतलं की जेवण झालंच पाहिजे. चालायचं-पळायचं असेल तर वर काहीतरी खायचं. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं भरकटलं, विनाकारण राग आला, की आधी साखर किंवा गूळ, प्रश्न नंतर. गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना. आणि निळ्या रंगाची एवढी हौस नको. अधूनमधून थोडा हिरवा आलेला बरा.

दुसऱ्या दिवशी पिचकारी भरताना काकूंच्या हातून इन्सुलिन फरशीवर सांडलं, तशी त्यांनी पिचकारी खाली ठेवून दिली. मी जाऊन डॉक्टरांच्या कंपाउंडरला बोलावून आणलं. आठवडाभर तोच येऊन इंजेक्शन देत होता.

गुरुदत्तची अवस्था आणखी वाईट होती. अंग बरं होतं, पण तो जिना उतरायला तयार नव्हता. नाक्यापर्यंत जायचं म्हटलं तरी कठडा धरून उभा राहायचा. "पोरांसमोर काय काय बोललो असेन मी, चित्रा?" मला विचारायचा. मी म्हटलं, "खडू फेकलास. ते सगळेच मास्तर फेकतात." तो हसला नाही. पंधराव्या दिवशी त्याने राजीनामा लिहिला आणि टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवला. काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "बरं केलंस. घरीच राहा. शिकवण्या कर." त्यांच्या आवाजात सुटका होती. मला मात्र ते पटेना, कारण हा माणूस आता खोलीतच संपणार, हे मला दिसत होतं, आणि ह्या माणसावर माझा जीव होता. हे तेव्हा फक्त मला आणि माझ्या आईला माहीत होतं.

त्याच दुपारी आवडाबाई आली. हातात सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुरचुंडी, नेसूचा काष्टा तसाच, पाय मिठाने पांढरे. दारातच बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"बाय, तुजा पोऱ्या उपाशी व्हता. मना बगताच कललं. मिठागरान उपाशी मानूस पडतं, त्याला असाच घाम येतं. मी गूल आनला व्हता. पन तुजी शपथ आरवी आली."

तिने पुरचुंडी काकूंपुढे सरकवली.

"तू गावभर सांगून गेलीस, गोड देव नका. आमी आयकलं. आता दुसरा सांगायला कोन येल? तूच ना? पोरा रोज इचारतान, मास्तर कवा येतो. मी काय सांगू?"

काकूंनी तांब्याखालचा कागद काढला, दोनदा वाचला, घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात टाकला. मग मला म्हणाल्या, "चित्रा, उद्या सकाळी कुंभाराकडे जायचंय."

रथसप्तमीला तीन दिवस होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवाष्णी वाण लुटतात, एकमेकींना काहीतरी भेटवस्तू देतात. काकूंनी मातीची सात सुगडं आणली आणि आमच्या घरातून पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा गूळ परत मागून घेतला. माझ्या भावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. गूळ फोडून खडे सुगडांत भरले, वर फडकी बांधली, टोपलीत ठेवली. खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईंनी जिन्यात अडवलंच. "सुमतीबाई, तुम्ही वाण लुटायला निघालात?" तो 'तुम्ही' असा होता की माझ्याच अंगाचा तिळपापड झाला.

"कुंकू लावत नाहीये मी कुणाला," काकू म्हणाल्या. "गूळ ठेवायला चाललेय. विधवेच्या हातचा गूळ कमी गोड लागतो का, ते चाखून सांगा." आणि खरंच त्यांच्या हातावर एक खडा ठेवून पुढे निघाल्या.

वाटेवर सात ठिकाणं होती. पहिलं भिवाचं चहाचं दुकान. काकू उभ्या राहिल्या, घसा साफ केला, पदर सारखा केला, पुन्हा घसा साफ केला. "मी मागे जे सांगितलं होतं," त्या जमिनीकडे बघत पुटपुटल्या, "ते चुकीचं होतं." भिवाला ऐकूच गेलं नाही. त्यांना ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. सुमतीकाकूंना 'माझं चुकलं' म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या सकाळी सात वेळा ऐकलं. गिरणीपाशी आवाज जरा सुटला. हेडमास्तरांपुढे तर डॉक्टरांचं सगळं पाठ म्हणून दाखवलं. घाम, थरथर, भरकटणं, राग. आधी गूळ, मग प्रश्न. गिळता येत नसेल तर दवाखाना. वर्गात पोरांकडून तीनदा घोकून घेतलं. हेडमास्तर कोपऱ्यात चष्मा पुसत उभे होते. काकू त्यांना म्हणाल्या, "तुमची चूक नाही हो. शपथ माझी होती."

सातवं सुगड आवडाबाईचं. तिने ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं आणि काकूंना बसायला पाट दिला.

त्या संध्याकाळी काकूंनी पिचकारी उकळून, पुसून गुरुदत्तच्या हातात दिली. "तुझं तू टोच. मी तिकडे बघते." तो घाबरला, चिडला, दोनदा सुई वाकडी केली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पाठमोऱ्याच सूचना देत होत्या. तिसऱ्या दिवशी त्याला जमलं. पोरं रोज विचारतात हे आवडाबाईच्या तोंडून त्याने ऐकलंच होतं. सोमवारी तो कठडा सोडून जिना उतरला आणि शाळेत गेला. काकूंनी त्याच्या कोटाला आतून एक नवा खिसा शिवला, त्यात गुळाच्या चार खड्यांची पुडी. ज्या बाईने घरातून साखर हद्दपार केली, तिनेच आता रोज सकाळी दारात उभं राहून विचारायचं, "गूळ घेतलास?" मी शेजारच्या दारातून ऐकायची.

वर्षभरात सुगडांचा उपयोग तीनदा झाला. एकदा गिरणीवाल्याने त्याला चालताना झोकांडी खाताना पाहिलं आणि काही न विचारता बखोट धरून बसवलं, तोंडात खडा घातला. त्याला पाठ होतं.

मग त्रेपन्नची संक्रांत आली. बाळकूमच्या पोरांनी ठरवलं, शाळेमागच्या शेतात हुतुतूचा सामना लावायचा. एकीकडे काळुराम आणि मिठागराचा संघ, दुसरीकडे मास्तर आणि गावातले शिकलेले तरुण. गुरुदत्तने काकूंना परवानगी विचारली नाही. फक्त सांगितलं, "मी खेळतोय." काकूंनी तवा खाली उतरवला. मला वाटलं, आता होणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग तीन भाकऱ्या खाऊन जा. आणि इंजेक्शन कमी घे, डॉक्टरांना विचारून."

आम्ही दोघी सामना बघायला गेलो. आवडाबाईने चिंचेखाली गोणपाट अंथरलं होतं आणि शेजारी तिचं सुगड. गुरुदत्त लंगोट-बनियनवर उतरला तेव्हा मी मान खाली घातली आणि डोळे वर ठेवले. काय खेळला! सहा वर्षांत अंग विसरलं नव्हतं. पहिल्या चढाईत दोन गडी बाद केले.

काकूंची पंचाईत मात्र मला कळत होती. घाम बघायचा तर सगळेच घामाघूम. थरथर बघायची तर सगळेच धापा टाकताहेत. ओरडत तर अख्खा गाव होता. वर्षभर पाठ केलेली एकही खूण इथे कामाची नव्हती. आत काय चाललंय ते फक्त त्याला कळू शकत होतं.

अर्धा डाव झाला आणि गुरुदत्त रेषेवर थांबला. क्षणभर नुसता उभा राहिला. काकूंनी गोणपाटावर हात टेकला, एक गुडघा वर घेतला. आवडाबाईने त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

काकूंनी गुडघा खाली घेतला. त्या उठल्या नाहीत.

गुरुदत्तने हात वर केला आणि पंचांना म्हणाला, "थांबा. मला गूळ खायचाय." अख्ख्या मैदानासमोर, मोठ्याने, तहान लागली म्हणावं इतक्या सहज. चालत चिंचेखाली आला, सुगडातून दोन खडे घेतले, चावून खाल्ले, पाणी प्यायला, अर्धी भाकरी खाल्ली आणि पाय पसरून बसला. आईकडे बघितलंसुद्धा नाही. काळुराम कमरेवर हात ठेवून आला. "मास्तर खातो त आमी काय पाप केला?" म्हणत त्यानेही खडा उचलला. मग दोन्ही संघ आले आणि पाच मिनिटांत सुगड रिकामं झालं.

पंधरा मिनिटांनी गुरुदत्त उठला, हात पुढे धरून थरथरतो का ते पाहिलं आणि मैदानात गेला. शेवटच्या चढाईत काळुरामनेच त्याचा पाय पकडला होता. तो तसाच त्याला ओढत रेषेपर्यंत आला आणि बोटं टेकवली. सामना मास्तरांच्या संघाने जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि आमच्या सुमतीकाकू, ज्यांना मोठ्याने हसलेलं चालत नाही, त्या गोणपाटावर उभ्या राहून ओरडत होत्या. काय ओरडत होत्या ते त्यांनाही आठवत नाही.

आमचं लग्न त्याच वैशाखात झालं. पण सामन्याच्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं.

परत निघताना गुरुदत्तने कोट घातला. पोरांनी सकाळी दिलेल्या तिळगुळाने त्याचे खिसे यंदाही फुगले होते. त्याने एक लाडू काढला आणि आईसमोर धरला. काकूंनी सवयीने तो घेतला, डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे हात केला.

"तिला नाही," तो म्हणाला. "तुला दिलाय. मी गूळ खाल्ला की आज. आता तुझ्या घशाखाली उतरायला काय हरकत आहे?"

काकू लाडवाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो अख्खा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. आवडाबाईने विचारलं, "गोड हाय का?"

तोंड भरलेलं होतं, म्हणून काकूंनी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या लाडवासाठी हात पुढे केला.